धोरणमामांची सहामाही

प्रिय मिहिका आणि अर्णव,

मागच्या रविवारी फोनवर मिहिका म्हणाली की तिला नवं काम मिळालंय, कंपन्यांच्या तिमाही-सहामाही हिशेबांमागची धोरणं तपासण्याचं. आणि लगेच म्हणाली, "जाऊ दे आजी, तुला समजावून सांगायला फार वेळ लागेल." अर्णव मागून ओरडला की ताईने जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम शोधून काढलंय. फोनवर मी कमीच बोलते. पण जव्हारला राहून हा विषय मला ठाऊक नसणार, हे तुम्ही दोघांनी गृहीत धरलंत, म्हणून हे लिहून पाठवते आहे. तो विषय माझ्या शेजारी राहतो. रोज सकाळी शिरपामाळापर्यंत फिरायला जातो आणि येताना माझ्याकडे चहा पितो.

त्याचं नाव सदानंद भोये. त्यांना तुम्ही "कसे आहात?" असं विचारलंत, तर ते थांबतात, चष्मा वर सरकवतात आणि विचारतात, "कोणत्या तारखेअखेर?"

पहिल्यांदा मला हा उद्धटपणा वाटला होता. मग कळलं, माणूस मनापासून विचारतो आहे. "बाई, काल संध्याकाळपर्यंत मी उत्तम होतो. आजचं अजून पाहिलेलं नाही. तारीख दिल्याशिवाय तब्येत सांगायची म्हणजे लोकांची दिशाभूल."

भोये मूळचे पोशेऱ्याचे. जव्हारच्या वसतिगृहात राहून शिकले, बी.कॉम. झाले आणि ठाण्याच्या एका औषध कंपनीत हिशेब खात्यात लागले. ती कंपनी दर तीन महिन्यांनी आपली परिस्थिती जगाला जाहीर करायची. आकडे कोणीही जुळवतं, पण आकड्यांच्या मागे टिपा असतात. माल विकला असं नेमकं कधी म्हणायचं, पडून राहिलेल्या मालाची किंमत काय धरायची, यंत्र दर वर्षी किती झिजलं असं मानायचं. हे नियम आधी ठरवायचे, उघड सांगायचे आणि मग सोयीप्रमाणे मोडायचे नाहीत. वर्षाच्या हिशेबाला जे नियम, तेच मधल्या सहामाहीला. भोयेंनी आयुष्यभर या टिपा लिहिल्या. निवृत्त होऊन जव्हारला परत आले तेव्हा कंपनी ठाण्यातच राहिली. टिपा मात्र त्यांच्याबरोबर आल्या.

एस.टी. स्टँडजवळच्या चहावाल्याने त्यांचं नाव धोरणमामा ठेवलं. सगळं गाव तेच म्हणतं. त्यांना ते आवडतं, कारण त्यात चूक काही नाही.

एकदा त्यांनी मिशी काढली. तुम्ही-आम्ही मिशी काढली तर घरी आरशात बघून गप्प बसू. मामा आळीतल्या प्रत्येक घरी गेले. माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "बाई, धोरणात बदल केलाय. कारण, उन्हाळ्यात घाम साचतो. मागील कालावधी तुलनेसाठी आणला आहे." आणि खिशातून मिशीवाला फोटो काढून दाखवला. मी फोटो पाहिला, चेहरा पाहिला आणि बदल मान्य केला. त्यानंतर ते पुढच्या घरी गेले.

त्यांची एक छत्री होती. दर पावसाळा संपला की ते तिची किंमत मनातल्या मनात खाली आणत. शेवटी ती मोखाड्याच्या बाजारात हरवली. मी हळहळले, तर म्हणाले, "तिची किंमत मागच्या आश्विनातच शून्य झाली होती. चोराला काही मिळालेलं नाही." त्या दिवशी ते फारच खूश होते.

तुमच्या बाबाला माझ्या गुडघ्याची गोष्ट कशी कळली, याचं तुम्हाला नवल वाटत होतं ना? मी गुडघा लपवून ठेवला होता. मामा चहाला आले असताना मी उठताना टेबलाला धरलं. त्यांनी कप खाली ठेवला. "बाई, हा गुडघा आतापर्यंत नगण्य होता. मी बोललो नाही. आता नगण्य राहिलेला नाही. ज्यांचा संबंध आहे त्यांना कळवणं भाग आहे." मी म्हटलं, "कळवू की." म्हणाले, "कधी?" आणि माझ्यासमोर बसून मला फोन लावायला लावला.

आनंदाच्या बाबतीत मात्र ते फार कंजूष. तोटा दिसू लागला की लगेच मानायचा, आणि लाभ हातात पडेपर्यंत मानायचा नाही, हे त्यांचं ब्रीद. समोरच्या चौधरींच्या मुलीचं लग्न ठरलं, आम्ही पेढे खाल्ले. मामांनी पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. साखरपुडा झाला, मामांचा पेढा खिशात. लग्न लागलं, वरात गेली, मुलीचा सासरी पोचल्याचा फोन आला, तेव्हा ते चौधरींच्या ओट्यावर जाऊन म्हणाले, "अभिनंदन," आणि नवा पेढा मागितला. जुन्याला तोवर मुंग्या लागल्या होत्या.

त्यांना एक मुलगी आहे, वैशाली. मस्कतला नर्स आहे. भोयेवहिनी गेल्यापासून मामा घरात एकटेच. दर वर्षी वैशाली म्हणते, दिवाळीला येते. कोणी विचारलं तर मामा सांगतात, "येणार म्हणते. आली की सांगतो." आणि विषय बदलतात.

आता नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कंपनीकडे वळते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

मोखाड्याकडच्या आणि जामसरकडच्या नागली-वरई पिकवणाऱ्या लोकांनी मिळून एक शेतकरी कंपनी काढली आहे. जव्हारला तिची गिरणी आहे. नागली साफ करायची, दळायची, पिशव्या भरायच्या. कामाला सगळ्या बायका. पूर्वी दिवाळी झाली की या बायका घराला कडी घालून वीटभट्टीवर जायच्या, पोरांना शाळेतून काढून बरोबर न्यायच्या. गिरणी सुरू झाली आणि त्यांचं जाणं थांबलं. मी शिकवायचे त्या शाळेत जे बाक दिवाळीनंतर रिकामे व्हायचे, ते आता भरलेले असतात. त्यामुळे गिरणी ही माझ्याही जिव्हाळ्याची गोष्ट आहे.

कंपनीच्या अध्यक्ष जानकीकाकी, पोशेऱ्याच्या. मामांच्या आईची मैत्रीण, म्हणून मामांना "सदू" म्हणणारी तालुक्यातली एकमेव व्यक्ती. व्यवस्थापक निखिल, पुण्याहून व्यवस्थापन शिकून आलेला, कष्टाळू आणि घायकुतीला आलेला. हिशेब मामांकडे. आणि टिपांचं इंग्रजी तपासायला मी.

या इंग्रजीवरून आमचं पहिलं भांडण झालं. त्यांनी एकच शब्द पानभर वापरला होता. मी जन्मभर मुलांना शिकवलं की तोच तोच शब्द वापरू नये, म्हणून मी चार ठिकाणी चार छान शब्द घातले. मामा पान बघून पांढरे पडले. "बाई, तुम्ही एका गोष्टीच्या चार गोष्टी केल्यात. वाचणारा विचारेल, बाकीच्या तीन कुठे आहेत?" मी चारही शब्द काढले. तेव्हापासून माझी बाकीची पत्रंसुद्धा सुधारली आहेत, असं माझं मत आहे.

तर गेल्या पावसाळ्यात गिरणीवर संकट आलं. भाड्याची जागा आणि यंत्रं, दोन्हींचा करार संपत आला होता. मुंबईची एक खाऊ बनवणारी कंपनी आपली नागली कायम घ्यायला तयार होती. तो करार झाला तर पुढचं भाडं भरता येऊन गिरणी राहणार, नाही तर यंत्रं उचलली जाणार. त्यांच्या खरेदी बघणाऱ्या मॅडम आश्विनात यायच्या होत्या आणि त्यांना सहामाहीचे हिशेब हवे होते, टिपांसकट.

आता एप्रिल ते सप्टेंबर ही नागलीची कसली सहामाही असते, ते डोळ्यांपुढे आणा. बियाणं वाटायचं, यंत्रं दुरुस्त करायची, भाडं भरायचं. मागच्या सालचं थोडं पीठ विकलं जातं तेवढंच. पीक उभं असतं डोंगरउतारावर, हिरवंगार. हिशेबात मात्र तोटाच दिसणार.

निखिलने कच्चा हिशेब केला, त्यात नफा होता. मामा माझ्याच पडवीत बसून तो वाचत होते. निखिल समोर उभा.

"ही नाशिकच्या दुकानदाराची विक्री कोणती रे?"

"काका, त्याची पक्की ऑर्डर आहे. दिवाळीनंतर द्यायचंय पीठ."

"पीठ कुठे आहे?"

"होईल की. नागलीचं."

"नागली कुठे आहे?"

"शेतात."

"शेतात काय करते?"

"उभी आहे."

"उभी आहे ती चालत नाशिकला गेली का?"

निखिल खाली बसला. "काका, तोटा बघून मॅडम आल्या पावली परत जातील. गिरणी गेली तर तुमचं धोरण काय दळणार?"

हे मामांना लागलं. कारण प्रश्न खरा होता. त्यांनी हिशेबाचा कागद घडी केला. मग म्हणाले, "समितीपुढे ठेवू."

समितीची बैठक पोशेऱ्याच्या समाजमंदिरात झाली. मी गेले होते. निखिल आधी बोलला, चांगला बोलला. ऑर्डर पक्की, पीक चांगलं, मग आजच धरलं तर बिघडलं काय? बायका एकमेकींकडे बघून माना हलवू लागल्या. गिरणी जाण्याची भीती प्रत्येकीच्या चेहऱ्यावर होती.

मग मामा उभे राहिले आणि त्यांनी घात केला. "हंगामी उत्पन्न मध्यंतरीच्या कालावधीत अपेक्षेने धरू नये आणि पुढेही ढकलू नये..." असं सुरू केलं. मागच्या रांगेतल्या दोघी तंबाखू मळू लागल्या. मी मदतीला गेले, सोप्या शब्दांत सांगायला लागले, म्हणजे वर्गातल्यासारखं. त्यावर एक तान्हं मूल रडायला लागलं. निखिल आमच्याकडे बघून दिलगिरीचं हसला, आणि मला वाटलं, संपलं.

जानकीकाकी आतापर्यंत भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "थांब रं सदू. मला काय ते समजू दे. हां पोऱ्या म्हणतो, नागली कापली नाय, खळ्यावर आली नाय, तरी तिचा माप घालायचा?"

मामा म्हणाले, "हो काकी. तेच."

"कणसरीची पूजा व्हायच्या आधी?"

तंबाखू मळणारे हात थांबले. पोरांनो, आमच्या या डोंगरात धान्य खळ्यावर आलं की आधी कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची पूजा होते. ती झाल्याशिवाय कोणी रास मोजत नाही, "एवढं झालं" असं तोंडाने बोलतसुद्धा नाही. बोललं की धान्याची बरकत जाते, असं मानतात.

काकी निखिलकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. "पोरा, तुझा चुकला नाय, तुला कोणी सांगितला नाय. पण तसा नाय करायचा. अन तू रं सदू, एवढा फिरवून काय सांगतो? तुझी आयस पूजेच्या आधी तुला मापाच्या पायलीला हात लावू देत नव्हती, फटका मारायची, आठवतं का?"

"आठवतं," मामा म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते, पण दिसत नसावं त्यांना काही. खाली बसताना पुटपुटले, "मला वाटलं, मी हे ठाण्यात शिकलो."

ठराव एका आवाजात झाला. तोटा तसाच जाणार. निखिलने स्वतःच्या हाताने नाशिकची विक्री खोडली. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "आता तू लिही टीप. बाई इंग्रजी बघतील. त्यांना शब्द बदलू देऊ नकोस."

टीप छोटी झाली. हा धंदा हंगामी आहे. पहिल्या सहामाहीत खर्च होतो, दुसरीत विक्री. यायचं उत्पन्न आधी धरलेलं नाही. मागच्या वर्षी जी धोरणं होती तीच आहेत.

मॅडम आल्या. वसईच्या होत्या, मराठी छान बोलत होत्या. गिरणीतल्या लाकडी बाकावर बसून त्यांनी कागद वाचला. बाहेर गिरणीच्या बायका उगाचच सूप झाडत होत्या.

"तोटा दिसतोय," मॅडम म्हणाल्या.

निखिलने मान खाली घातली. मामा म्हणाले, "दिसायलाच हवा."

मॅडमनी त्यांच्याकडे जरा नीट पाहिलं. मग टीप वाचली. पुन्हा वाचली. काकी म्हणाल्या, "कागद वाचून झाला असंल तं चला, उरलेला दाखवते." आणि त्यांना गाडीत बसवून पोशेऱ्याला घेऊन गेल्या. आम्ही मागे. उतारावर नागली गुडघ्याच्या वर उभी होती, कणसं अजून मिटलेली. काकींनी एक कणीस न तोडता तसंच हातात धरलं. "हां बघा. हां तुमचा नफा. अजून हिरवा हाय."

मॅडम खूप हसल्या. मग म्हणाल्या, "या महिन्यात मी पुष्कळ हिशेब वाचले. सगळीकडे नागलीचा नफा. आणि वाटेत कुठेही कापलेली नागली दिसली नाही. मला तीच चिंता लागली होती. बसू या का कराराला?"

बायका टाळ्या पिटायला लागल्या. निखिलने मामांना मिठी मारली. मामा मिठीतून म्हणाले, "सही?"

सही गिरणीतच झाली. निखिल म्हणाला, "काका, आता तरी हसा." मामा म्हणाले, "माल गेला का?"

त्यांनी कोणालाच दाद दिली नाही. दिवाळी गेली. नागली कापली, खळ्यावर आली, कणसरी मांडली, नारळ फुटला, मग मापं पडली. गिरणी दिवसभर घरघरत राहिली. आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी पहिला ट्रक भरला. सगळ्या बायका, त्यांची पोरं, भोपळ्याचा तारपा फुंकणारा जामसरचा तारपेवाला, आम्ही सगळे रस्त्यावर. निखिलने मॅडमच्या माणसाकडून पोच घेतली, त्या माणसाने ट्रकच्या दाराला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. ट्रक निघाला. वळणापर्यंत गेला. मामा टाचा उंचावून बघत होते. वळणाआड दिसेनासा झाला तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "आता."

एवढंच म्हणाले. तारपा वाजू लागला होता. बायकांनी कमरेला हात घालून फेर धरला आणि त्या फेरात, काखेत कागदांची पिशवी तशीच ठेवून, धोरणमामा शिरले. मी त्यांना चालताना पाहिलं होतं, वाद घालताना पाहिलं होतं. नाचताना पाहिलं नव्हतं. बरे नाचतात. पोशेऱ्याचा माणूस, पाय विसरले नव्हते. जानकीकाकी ओरडल्या, "सदू, हां नाच कुठं शिकलास, ठाण्यात?" आणि सगळी हसली, मामासुद्धा. फेर उन्हं चढेपर्यंत चालला. त्या दिवशी मला माझ्या गुडघ्याचीही आठवण झाली नाही, हे तारखेसकट लिहून ठेवण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी निखिलने काढलेला नाचाचा फोटो घेऊन मी मामांकडे गेले. ते पुढच्या खोलीत नव्हते. मागच्या खोलीत होते. ही खोली मी कधी पाहिली नव्हती. भिंतींना ताजा चुना, खिडकीला धुतलेला पडदा, कॉटवर फुलाफुलांची कोरी चादर. कोनाड्यात तेलाची बाटली आणि कंगवा. मामा चादर काढत होते.

"वैशाली येऊन गेली?" मी विचारलं.

"नाही. रजा मिळाली नाही तिला."

"पण भोये, तुम्ही तर आल्याशिवाय काही धरत नाही."

"धरलं नव्हतं. कोणाला सांगितलंही नव्हतं."

"मग ही खोली?"

त्यांनी चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही घडी घालू लागलो. "बाई, हे धोरण आहे. दर आश्विनात खोली रंगवायची."

"मागच्या वर्षी?"

"मागच्या वर्षी जे होतं तेच या वर्षी."

घडी नीट झाली. त्यांनी ती ट्रंकेत ठेवली, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या, आणि फोटो बघायला उजेडात आणला. बराच वेळ बघून म्हणाले, "ही तारीख चांगली होती."

मिहिका, तुझं काम कंटाळवाणं नाही. ते नीट कर. अर्णवला हे वाचून दाखव.

गिरणी चालू आहे. दिवाळीनंतर शाळेतले बाक भरलेले असतात. भोयेंच्या मागच्या खोलीचा चुना पांढरा आहे. आणि या आश्विनापासून मी तुमच्या दोघांच्या गाद्या उन्हात घालते.

तुमची,
आजी